जुन्या गाडीचे काटे खोटं दाखवतात? नवा फ्लोट घेण्याआधी हे तपासा

तक्रारी ठरलेल्या असतात. टाकी फुल केली तरी पेट्रोलचा काटा पाऊणच्या वर जायला तयार नाही. काटा पाव टाकी दाखवत असताना गाडी आचके देते आणि बंद पडते. घाटात टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत शिरतो, घाबरून बॉनेट उघडावं तर रेडिएटर शांत, वाफेचा पत्ता नाही. मग टाकीत पेट्रोलवर तरंगणारा नवा फ्लोट येतो, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे सारखं होतं कारण दुरुस्ती चुकीच्या टोकापासून सुरू होते. काट्याला पेट्रोल दिसत नाही की पाणी दिसत नाही, त्याच्यापर्यंत जेवढा करंट पोचतो तेवढंच तो दाखवतो. या सर्किटमध्ये मीटर, सेंडर (टाकीत किंवा इंजिनमध्ये बसून मोजमाप पाठवणारा भाग), वायर, अर्थ (गाडीच्या पत्र्यातून करंट बॅटरीकडे परतण्याची वाट) आणि मीटरला मिळणारं व्होल्टेज एवढ्याच गोष्टी आहेत. त्यातला दोष बहुतेक वेळा शेवटच्या दोघांत असतो. पण अर्थ आणि व्होल्टेज दुकानात डबीत मिळत नाहीत, त्यामुळे कोणी सुचवतही नाही.

सुरुवात एका प्रश्नाने करा: एकच काटा चुकतोय की दोन्ही? पेट्रोल आणि टेम्परेचर दोन्ही एकाच दिशेने चुकत असतील, म्हणजे दोन्ही जास्त किंवा दोन्ही कमी, तर टाकी आणि सेंडरला हात लावू नका. दोघांना मिळून जे लागतं ते बिघडलंय. एकच काटा चुकत असेल तर त्याच्या स्वतःच्या वाटेवर शोधा.

दुसरी गोष्ट, मीटर कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. गाडी रात्रभर उभी असू द्या, सकाळी चावी फिरवा आणि पेट्रोलच्या काट्याकडे बघा. काटा हळूहळू, वीस-तीस सेकंद घेत वर सरकला तर मीटर बायमेटलचं. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्याभोवती तार गुंडाळलेली असते, करंटने पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. काटा चावीबरोबर टपकन जागेवर गेला आणि खड्ड्यात टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं की नाचायला लागला, तर ते जुनं चुंबकीय मीटर. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्स कंपनीची बायमेटल मीटरं सर्रास बसू लागली, आणि स्टँडर्ड हेरल्डसारख्या त्या घराण्यातल्या गाड्यांशी आपली गाठ पडते ती बहुधा याच जातीशी. पद्मिनी आणि अँबॅसेडरचं मात्र ठामपणे काही सांगता येत नाही. ज्या गाड्या इतकी वर्षं टॅक्सी म्हणून किंवा सरकारी ताफ्यात धावल्या, त्यांच्यात आज जे मीटर दिसतं ते कारखान्यातून आलेलंच असेल याची खात्री कोण देणार? म्हणून गाडीच्या नावावर जाऊ नका, काट्याच्या चालीवर जा.

दोन्ही काटे चढलेले असतील तर डॅशच्या मागे, बहुतेक वेळा स्पीडोमीटरच्या पाठीवर, काडेपेटीपेक्षा लहान पत्र्याची डबी शोधा. हा व्होल्टेज स्टॅबिलायझर. चालू गाडीत बॅटरीचं व्होल्टेज १२ ते १४ च्या मध्ये खालीवर होत असतं, आणि बायमेटल मीटरला ते चालत नाही. डबीत आणखी एक बायमेटल पट्टी असते. ती तापून संपर्क तोडते, गार झाली की जोडते, आणि या उघडझापीतून मीटरला सरासरी १० व्होल्ट मिळतात. अमेरिकन फोर्ड आणि क्रायस्लरमध्ये हीच युक्ती ५ व्होल्टवर आहे.

यातली मेख अशी की पट्टी तापवणाऱ्या तारेचं दुसरं टोक डबीच्या पत्र्यातून अर्थ होतं. डबीला अर्थ मिळाला नाही तर पट्टी तापतच नाही, संपर्क कायम जोडलेला राहतो आणि मीटरला सरळ बॅटरीचं व्होल्टेज जातं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० च्या जागी १४ व्होल्ट गेले की मीटरमधली तार जवळजवळ दुप्पट तापते. काटा लाल पट्टीत जाईल नाहीतर काय होईल?

कोल्हापूरच्या एका मित्राच्या हेरल्डमध्ये नेमकं हेच झालं. गाडी नव्याने रंगवून आली, आणि आल्यापासून पेट्रोल फुलच्या पलीकडे, टेम्परेचर लाल पट्टीला टेकलेलं. गॅरेजने आधी टेम्परेचरचा सेन्सर बदलला, मग थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, मग रेडिएटर खोलून साफ केला. काटा ढिम्म. शेवटी मीटरचा डबा बाहेर काढला तर स्टॅबिलायझर ज्या स्क्रूने आवळला होता त्याच्याखाली चकचकीत काळा रंग होता, डब्याच्या मागच्या बाजूलाही तितक्याच मायेने मारलेला. स्क्रूखालचा रुपयाएवढा भाग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, डब्यातून बॉडीपर्यंत एक वेगळी काळी वायर ओढली आणि दोन्ही काटे आपापल्या जागी आले. रेडिएटरचं बिल तेवढं अंगावर पडलं. तेव्हापासून रिस्टोअर केलेली गाडी समोर आली की माझा पहिला संशय रंगावर आणि पावडर कोटिंगवर जातो. गंजक्या गाडीत निदान कुठे ना कुठे पत्र्याला पत्रा लागलेला असतो.

स्टॅबिलायझर तपासायला डिजिटल मल्टिमीटर लावला तर आकडा ० आणि १२ च्या मध्ये उड्या मारेल, तो वाचायचा प्रयत्न करू नका. जुना काट्याचा मल्टिमीटर असेल तर उत्तम, नाहीतर लहान बल्बचा टेस्ट लॅम्प लावा. बाहेर जाणाऱ्या टर्मिनलवर, म्हणजे 'आय' लिहिलेल्यावर, बल्ब लुकलुकला तर आतली पट्टी काम करतेय. सतत पेटलेला राहिला तर अर्थ नाही किंवा संपर्क चिकटलाय. पेटलाच नाही तर बॅटरीकडच्या 'बी' टर्मिनलवर करंट येतोय का ते बघा. तिथेही नसेल आणि ब्रेक लाइट, इंडिकेटरही बंद असतील तर फ्यूज बघा, कारण लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगमध्ये हे सगळे त्याच हिरव्या वायरच्या कुटुंबातले. आणखी एक, मूळ स्टॅबिलायझर उताणा किंवा आडवा लटकू देऊ नका. 'बी' आणि 'ई' (अर्थ) ही टर्मिनलं वरच्या बाजूला ठेवून तो जवळजवळ उभा बसवायचा असतो, नाहीतर आतली पट्टी वेगळ्या तऱ्हेने तापते.

डबी गेलीच असेल तर तशीच जुनी शोधत चोर बाजार पालथा घालायची गरज नाही. ७८१० नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चहा-वडापावच्या पैशात मिळतो. छापील नाव आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय इनपुट, मधला अर्थ, उजवा आउटपुट. इनपुट आणि अर्थच्या मध्ये ०.३३ मायक्रोफॅरड, आउटपुट आणि अर्थच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डरचा डाग देऊन जोडा आणि पाठीची पत्री एखाद्या धातूच्या पट्टीला आवळा, म्हणजे गरम होणार नाही. जुन्या डबीच्या आतच हे सगळं मावतं, बाहेरून ओरिजिनल दिसतं, हौशी मंडळींचाही मान राहतो. फक्त आधी बॅटरी बघा. पॉझिटिव्ह अर्थ असलेल्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या, जुन्या ब्रिटिश गाडीत ७८१० चालणार नाही, तिथे ७९१० लागतो आणि त्याच्या पायांचा क्रमही वेगळा असतो.

आता एकच काटा चुकतोय असं धरू, आणि तो पेट्रोलचा.

डिक्कीतून टाकीच्या सेंडरपर्यंत पोचा. लुकास वायरिंगमध्ये तिथे हिरवी-काळी वायर येते. ती काढा, चावी चालू ठेवा, अर्धा मिनिट थांबा. बायमेटल मीटरचा काटा एम्प्टीवर पडला पाहिजे. मग ती वायर बॉडीला टेकवली की काटा फुलकडे निघाला पाहिजे. पण टेकवून गप्पा मारत बसू नका, जास्त वेळ ठेवली तर मीटरमधली तार जळते. त्यापेक्षा ६८ ओहमचा रेझिस्टर मध्ये घालून अर्थ करा, स्मिथ्सचा काटा साधारण मध्यावर येऊन थांबेल. ठिणगीची भीती असेल, आणि टाकीशेजारी ती असायलाच हवी, तर आधी चावी बंद करून जोडणी करा आणि मग चालू करा. चुंबकीय मीटरमध्ये सगळं उलटं: वायर काढली की काटा फुलच्या पलीकडे, अर्थ केली की एम्प्टी.

या परीक्षेत काटा नीट वागला तर मीटर आणि वायर निर्दोष. दोष टाकीकडे.

टाकीकडे गेल्यावरही सेंडर खोलायची घाई नको. काटा कोणत्या पद्धतीने चुकतोय ते बघा. स्मिथ्सच्या सेंडरचा रोध फुल टाकीला २० ओहमच्या आसपास, रिकाम्या टाकीला २५० च्या आसपास असतो. टाकीच्या गंजलेल्या बोल्टमध्ये समजा आणखी २० ओहम अडकले. रिकाम्या बाजूला २५० चे २७० झाले, काट्याला फरकही कळत नाही. फुल बाजूला मात्र २० चे ४० झाले आणि काटा पाऊणवर अडकला. म्हणून एम्प्टी बरोबर आणि फुल कमी, असं असेल तर तो अर्थचाच दोष समजा. टाकीखाली रबराच्या पट्ट्या असतात, वर रंग असतो, टाकी बॉडीपासून जवळपास तोडलेली असते. सेंडरच्या एका स्क्रूखाली थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) घालून वायर थेट चॅसिसवर न्या. खात्री करायची तर मल्टिमीटर २० व्होल्टवर ठेवून काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल टोक सेंडरच्या पत्र्यावर लावा, चावी चालू. ०.१-०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थ कच्चा.

सगळीकडे सारखंच कमी किंवा सारखंच जास्त दाखवत असेल तर फ्लोटची दांडी वाकलेली आहे. पेट्रोल कितीही भरा, काटा एम्प्टीलाच, असं असेल तर फ्लोट बुडालाय. पितळी फ्लोटला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि तो पेट्रोल पिऊन जड होतो. बाहेर काढून कानाशी हलवा, आत डुबुक ऐकू येईल. पेट्रोल पूर्ण काढून, मोकळ्या हवेत दिवसभर वाळवून तो कढत पाण्यात दाबून धरा. जिथून बुडबुड्यांची माळ निघेल तिथे खूण करा. डाग देताना बत्ती नको, इलेक्ट्रिक सोल्डरिंग आयर्नच, आणि डागही बेताचाच, नाहीतर फ्लोटचं वजन बदलतं.

काटा एका ठरावीक जागी आला की एकदम पडतो आणि पुढे पुन्हा सावरतो, हे घासलेल्या तारेचं लक्षण. सेंडरमध्ये बारीक तारेची गुंडाळी असते आणि तिच्यावरून एक पट्टी सरकते. आपण टाकी फुल क्वचित करतो, पाव ते अर्धी यातच गाडी फिरवतो, त्यामुळे झीजही तिथेच होते. ओहममीटर लावून दांडी हळूहळू वरखाली करा, आकडा सलग बदलला पाहिजे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आणि पट्टीला किंचित ताण देऊन काही सेंडर वाचतात. तार तुटलेली असेल तर वाचत नाही. वर्षातून चार वेळा निघणाऱ्या गाडीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल महिनोन् महिने साठवलं तर ते ओलावा ओढतं, पितळेवर हिरवट थर येतो आणि जुन्या रबराचं गॅस्केट फुगतं. सेंडर उघडलाच आहे तर गॅस्केट नवं घाला.

आणि नवा सेंडर घेताना दुकानदाराच्या 'बसेल, साहेब' वर जाऊ नका. बसण्याचा आणि दाखवण्याचा संबंध नाही. जर्मन व्हीडीओ (VDO) कंपनीच्या पद्धतीचा सेंडर रिकाम्याला १० आणि फुलला १८० ओहम देतो, म्हणजे स्मिथ्सच्या बरोबर उलट. तो हेरल्डच्या मीटरला जोडला तर रिकामी टाकी फुल दिसेल. जनरल मोटर्सचा १९६५ नंतरचा रिकाम्याला ० आणि फुलला ९०, फोर्डचा रिकाम्याला ७३ आणि फुलला १०. परदेशातून मागवलेल्या पार्टवर हे आकडे छापलेले असतात. आपल्याकडच्या विनाडबीच्या पार्टसाठी काउंटरवरच ओहममीटर काढा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

टेम्परेचरच्या काट्याला हीच पद्धत, फक्त वायर हिरवी-निळी आणि सेन्सर इंजिनच्या हेडमध्ये किंवा थर्मोस्टॅटच्या घरात. आत थर्मिस्टर असतो, तापला की रोध कमी होतो. तो आपल्या आट्यांतूनच अर्थ होतो, म्हणून त्यावर टेफ्लॉन टेपचे वेढे देऊ नका. गळती थांबते आणि काटाही मंदावतो. तपासायला सेन्सर तारेने बांधून पातेल्यात सोडा, ओहममीटर लावा, पाणी तापवा. आकडा न अडखळता उतरत गेला पाहिजे. उकळतं पाणी म्हणजे १०० अंश असं धरू नका. पुण्यात ते ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ लाच.

काटा कमी दाखवतो म्हणून मीटरला दोष देण्याआधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा. इंजिन जरा तापलं की थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्या गॅरेजमध्ये जुनी खोड आहे. तो नसेल तर इंजिन खरोखरच गार चालतं, पेट्रोल जास्त पितं, आणि काटा बिचारा खरं सांगत असतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराचं तापमान मोजा, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो कमी आकडा देतो. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असलेल्या तापलेल्या इंजिनला ८० च्या आसपास दिसलं आणि काटा मध्याजवळ असला तर सगळं ठीक आहे. उलट प्रकार जास्त घातक: पाणी गळून गेलं की सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि इंजिन उकळत असताना काटा खाली येतो. घाटात काटा अचानक उतरला तर खूश होऊ नका, गाडी बाजूला घ्या.

मीटरमागे वायरऐवजी तांब्याची बारीक नळी दिसली तर वरचं काहीच लागू नाही. त्यात नळीत बंद असलेल्या द्रवाच्या वाफेच्या दाबावर काटा चालतो. नळी मुडपली किंवा तुटली की काटा थंडवर मरतो आणि काम जाणकाराकडेच द्यावं लागतं.

इंडिकेटर चालू केला की पेट्रोलचा काटा त्याच तालावर हलतो, हेडलाइट लावले की दोन्ही काटे झुकतात, हा अख्ख्या डॅशचा अर्थ गेल्याचा पुरावा. डब्याच्या मागून चॅसिसला एक जाड वायर टाका, बाकी शोधाशोध नंतर.

ऑइल प्रेशरला मात्र हा सगळा क्रम उलटा. काटा शून्यावर गेला किंवा लाल दिवा लागला की आधी इंजिन बंद, मग सेंडरवर संशय. सेंडरच्या जागी मेकॅनिकल गेज लावून खरा दाब मोजल्याशिवाय 'सेन्सर खराब असेल' म्हणत घरापर्यंत चालवू नका.

वायर, अर्थ, व्होल्टेज, सेंडर सगळं चोख असूनही काटा थोडा चुकत असेल, तर आणि तेव्हाच मीटर उघडा. स्मिथ्सच्या बायमेटल मीटरच्या पाठीवर बुचाचे दोन लहान गोळे दिसतील. ते काढले की आत दातेरी पट्ट्या असतात, एक रिकाम्या टोकाची, दुसरी फुल टोकाची. टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर मोजून भरा, दर वेळी काटा स्थिरावेपर्यंत थांबा आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरने एक दातच सरकवा. मला एम्प्टीचं टोक आधी बरोबर करणं जास्त मोलाचं वाटतं, कारण फुलला चूक झाली तर कोणी रस्त्यात अडकत नाही. झालं की बुचं परत बसवा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आत धूळ जाऊन काटा घासायला लागेल.